मामांची रीएंट्री

रीएंट्री या शब्दाचा मला वीट आलाय. एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं, घसा कोरडा केला, तेव्हा हा शब्द कुणी फुकटसुद्धा घेतला नाही. आता निवृत्त होऊन परभणीत घरी बसलो, तर जो तो तोच शब्द माझ्या तोंडावर मारायला लागलाय.

सुनेचं नाव तिच्या माहेरच्या रेशनकार्डातून कमी करून आमच्या कार्डावर चढवायचं होतं. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "सर, रीएंट्री मारावी लागंल. सिस्टीम घेईना झालीय." सिस्टीमनं चार खेपा घेतलं नाही. पाचव्या खेपेला नाव चढलं, पण ते माझ्या बायकोचं, दुसऱ्यांदा. सध्या कागदोपत्री मला दोन बायका आहेत, आणि घरात जी एक आहे तिचंच माझ्याविषयी मत बरं नाही.

तीच बाई कृषी प्रदर्शनात भजी खायला दाराबाहेर आली. आत जाताना तिच्या मनगटावर जांभळा शिक्का मारला होता. भजी खाऊन तिनं साबणानं हात धुतले, कारण ती स्वच्छतेची भोक्ती. परत गेली तर दारावरचा माणूस म्हणतो, शिक्का दाखवा, शिक्का नाही तर रीएंट्री नाही. आत तिची पिशवी होती, पिशवीत चष्मा होता आणि पिशवी सांभाळत मी होतो. मला बाहेर बोलावून घेतलं, आणि माझा शिक्का शाबूत असूनही आम्ही दोघं घरी आलो. वाटेत ती माझ्यावरच चिडली, कारण इंग्रजी मी शिकवत होतो.

हा शब्द वर्गात सांगायचा प्रसंग मात्र सगळ्या नोकरीत एकदाच आला. चारठाण्याच्या बाजूला एका शाळेत होतो. धड्यात अंतराळयान होतं. यान पृथ्वीच्या हवेत परत शिरतं त्याला रीएंट्री म्हणतात, असं मी फळ्यावर लिहिलं. कोन चुकला की यान जळतं, नाहीतर हवेवरून निसटून पुन्हा बाहेर जातं, हेही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, परत यायलाच एवढं अवघड कामून? घरीच तर यायलेत ती माणसं."

मी सांगितलं, की जाताना जेवढा जोर लावलेला असतो तेवढा सगळा परत येताना जिरवावा लागतो, म्हणून यान तापतं. तिला ते पटलं नाही. "घरी यायचंय तर हळू यावं की," असं पुटपुटत ती खाली बसली. मी तिला गप्प केलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

त्या मुलीला गप्प केल्याचं आता वाईट वाटतं, कारण मी स्वतः एका घरातून असाच भरपूर जोर लावून बाहेर पडलो होतो.

माझी एकुलती एक बहीण मानवतला दिलेली आहे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दाजींचं आडत दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तिथं नवीन घर बांधलं आणि वास्तुशांत ठेवली. बायको तेव्हा तिच्या आजारी आईपाशी दवाखान्यात अडकलेली होती, म्हणून मी एकटाच माहेरचा आहेर घेऊन गेलो. बहिणीला साडी, दाजींना पूर्ण पोशाख, लेकरांना कपडे. पिशवी खांद्याला रुतत होती, पण मी रुबाबात होतो.

आमच्याकडे बारसं असो की बोअरला पाणी लागलेलं असो, माईक आणि फेटे लागतातच. त्या दिवशी एक पुढारी घाईत होते, त्यांना आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. म्हणून आत होम चालू असतानाच बाहेर मांडवात सत्कार उरकायला घेतले. पुढाऱ्याचा झाला, पुढाऱ्याच्या ड्रायव्हरचा झाला, घर बांधणाऱ्या गुत्तेदाराचा झाला, ज्यानं फरशी स्वस्तात मिळवून दिली त्याचाही झाला. मी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसलो होतो. शेवटी माईकवर नाव आलं, "आता वहिनींचे बंधू, आदरणीय सर!" मी उठलो, शर्ट खाली ओढला, पुढे गेलो.

फेटे संपले होते.

दाजींच्या चुलत भावानं ताटात बघितलं, ताटाखाली बघितलं. मग शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा बांधलेला फेटा त्यानं अलगद उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेटा गरम होता. घामानं ओलाही होता, आणि त्या माणसाचं डोकं माझ्यापेक्षा मोठं असल्यामुळे तो माझ्या भुवयांपर्यंत खाली आला. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटोही काढला.

मी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि माईक हातात नसताना सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "या घराच्या उंबऱ्याला आता माझा पाय लागणार नाही." वर्गात साठ पोरांवर ओरडून कमावलेला आवाज होता तो. चपला घातल्या आणि निघालो.

फाटकाकडे वळताना खिडकीतून आत नजर गेली. बहीण होमासमोर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. धूर होता तरी मला स्वच्छ दिसलं, तिनं माझ्याकडेच बघितलं. आणि मग मान खाली घातली.

आता आमच्याकडे रुसण्याचेही नियम आहेत. रुसलेला पाहुणा तडक निघून जात नाही. तो हळू चालतो. कोपऱ्यावर उभा राहून चपलेचा अंगठा नीट करतो. स्टँडवर गेला तरी पहिली गाडी सोडतो. तेवढ्यात घरातलं कुणीतरी धापा टाकत येतं, हात धरतं, ओढतं. पाहुणा दोनदा हात झटकतो आणि तिसऱ्यांदा निमूट मागं येतो. मग त्याला पंगतीत मधोमध बसवतात आणि आग्रह करकरून वाढतात. मी सगळे नियम पाळले. चांगल्या चपलेचा अंगठा नीट केला. मानवतच्या स्टँडवर परभणीच्या तीन गाड्या सोडल्या. शेंगदाणे खाल्ले. चौथ्या गाडीत बसलो तेव्हाही रस्त्याच्या बाजूची खिडकी धरली, म्हणजे कुणी आलं तर दिसावं.

कुणी आलं नाही. मागाहून कानावर आलं ते असं, की दाजींना वाटलं पुतण्या गेला, पुतण्याला वाटलं भाचा गेला, आणि भाच्याला वाटलं मोठी माणसं असताना आपण कशाला मधी पडावं. मला आणायला प्रत्येकानं दुसऱ्याला पाठवलेलं होतं. त्यांचं मला एवढं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात घुसून बसली ती खिडकी. बहिणीनं बघितलं होतं आणि ती उठली नव्हती.

त्यानंतर नऊ वर्षं मी मानवतला गेलो नाही. बहीण मात्र दर भाऊबीजेला परभणीला यायची. ओवाळायची, जेवायची, माझ्या बायकोशी हसायची, चारच्या गाडीनं परत जायची. तिकडं कधी येतोस असं तिनं एकदाही म्हटलं नाही. त्या दिवशी का उठली नाहीस असं मीही एकदा विचारलं नाही. ती गेली की बायको भांडी आवरता आवरता म्हणायची, "इचारा की एकदाचं. तोंड हाय ना तुमाला? माझ्यासमोर तर लय चालतंय." मग मी तिच्यावर खेकसायचो आणि अंगणात जाऊन बसायचो. नऊ भाऊबीजा अशा गेल्या.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, त्याला पर्याय नाही. दाजी आणि भाचा अक्षत घेऊन घरी आले. दाजी सोफ्याच्या कडेवर बसून पत्रिकेवरचं कुंकू नखानं खरवडत राहिले. फेट्याचा विषय कुणी काढला नाही. निघताना तेवढं म्हणाले, "सर, या येळी फेटे जास्तीचे सांगितलेत." एवढ्या वर्षांत त्यांनी मागितलेली माफी ती हीच. मी म्हणालो, बघू. बायको आतून म्हणाली, "बघू काय? येतो म्हणा." झालं, ठरलं.

मग भाचीचा फोन आला. "मामा, तुमी हळदीच्या दिवशी डायरेक घरी या. तुमची एन्ट्री शूट करायचीय. मम्मी दारात ओवाळणार, ड्रोन लावणार हाव."

मला संताप आला. माझा नऊ वर्षांचा राग आता गाणं लावून मोबाईलवर फिरणार होता. पण नवऱ्या मुलीला काय बोलायचं? बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही. आत गेल्यावर काय बोलायचं हे मी दाढी करताना आरशासमोर पाठ करत होतो. "कशी आहेस" हे फार साधं वाटत होतं. "आलो बघ" हे उपकार केल्यासारखं वाटत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीनं मानवतला उतरलो. स्टँडवर शेंगदाण्याची गाडी अजून त्याच जागी होती. मी तिकडे बघायचं टाळलं. घराच्या गल्लीत मांडव, मांडवात नातेवाईक आणि सगळ्यांच्या पुढं अंगभर खिसे असलेलं जाकीट घातलेला, दाढी कोरलेला, पस्तिशीतला शूटिंगवाला. उंबऱ्याच्या आत माझी बहीण उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. केस बरेच पांढरे झालेले. दर भाऊबीजेला बघत होतो, पण तिच्या स्वतःच्या दारात उभी असताना ते मला पहिल्यांदा दिसले.

मी पुढं झालो. आरशासमोर पाठ केलेलं सगळं विसरलो. तिनं भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. बघत होती ती माझ्या तोंडाकडे, त्यामुळे निम्मं पाणी पायजम्यावर गेलं. "ये," म्हणाली. मी उंबरा ओलांडला. डोळे भरून आले होते, ते पुसावेत की तसेच ठेवावेत हे कळेना, म्हणून छताकडे बघितलं.

"मामा, रीएंट्री घ्या!" मागून आवाज आला. "मामी फ्रेममधी आल्या. सिंगल पाहिजेत तुमी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो माणूस हातानं खुणावत होता, बाहेर जा आणि परत या. सगळे हसत होते. बायकोला बाजूला केलं. मी बाहेर गेलो. नऊ वर्षांनी ओलांडलेला उंबरा दहा सेकंदांत उलटा ओलांडला. तांब्या पुन्हा भरून आला, भाकरीचा दुसरा तुकडा आला. मी पुन्हा आत आलो. बहिणीनं या वेळी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"मामा, एक रीएंट्री अजून. तुमी लय फास्ट यायलाव. जरा इमोशनल या. ताई, तुमी कॅमेऱ्यात न्हाई, भावाकडं बघून स्माइल द्या."

तिसऱ्या वेळी ड्रोन आला. भुंग्यासारखा आवाज करत तो मांडवाच्या झालरीखालून शिरला आणि त्याच्या वाऱ्यानं दारात मांडलेल्या ओवाळणीच्या ताटातलं कुंकू उडून माझ्या नव्या सदऱ्यावर बसलं. माझी टोपी गेली ती रांगोळीत. कुणीतरी म्हणालं, रांगोळी सांभाळा. टोपी सांभाळा असं कुणी म्हणालं नाही. मी उंबऱ्यात एक पाय आत आणि एक पाय बाहेर असा उभा होतो.

"सॉरी मामा. लास्ट रीएंट्री. खरंच लास्ट."

माझं डोकं सटकलं. "तुला कळतं का रीएंट्री म्हणजे काय?" मी ओरडलो. "माणूस खेळणं वाटलं का रे तुला, आत घाल, बाहेर काढ? नऊ वर्षं लागली मला इथं यायला!" दाजी हात जोडून पुढे आले. त्यांच्या हातात फेटा होता, नवा, इस्त्रीची घडी असलेला, आणि तो बघून का कोण जाणे मी आणखीनच भडकलो. टोपी रांगोळीतच सोडली आणि वळून चालायला लागलो.

या वेळी मी हळू चाललो नाही. चपलेचा अंगठा नीट केला नाही. कोपऱ्यावर थांबलो नाही. मागून बायकोचा आवाज ऐकू आला, "जाऊ द्या, स्टँडवरून येतेत परत," आणि त्या आवाजाचाही राग आला, कारण या वेळी मी परत येणार नव्हतो. भाचीला बोहल्यावर कोण आणणार, हा विचार मनात आला, तो तसाच मागं लोटला. पायजमा ओला, सदऱ्यावर कुंकू, उघडं डोकं. पिठाच्या गिरणीपर्यंत आलो.

"दादा, थांब."

बहीण होती. अनवाणी. हळदीसाठी नेसलेली नवी साडी एका हातानं वर धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या, आणि भाकरीचा तुकडा त्याच हाताच्या मुठीत दाबलेला. पन्नाशी उलटलेली बाई, लेकीच्या हळदीच्या दिवशी भर गल्लीतून पळत आली होती. तिला दम लागला होता.

"तव्हा बी असाच गेलास," ती म्हणाली. "बघत व्हते मी."

"माहीत आहे बघत होतीस," मी म्हणालो. नऊ वर्षं तोंडात धरून ठेवलेलं गिरणीच्या दारात बाहेर पडलं. "बघितलंस ना? मग उठली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, वेड्याकडे बघावं तशी.

"गाठ व्हती की, दादा. त्यांच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ. पूर्णाहुती हुईस्तोर सोडायची न्हाई म्हणले भटजी. मी मान खाली घातली ती गाठीकडं बघाया. सोडावी म्हणून. ओढून बघितली, सुटंना."

मी शेकडो पूजांना जेवलेला माणूस. यजमान जोडप्याची गाठ मला माहीत नव्हती असं नाही. ती मला कधी आठवली नाही, एवढंच.

"होम झाला तशी उठले," ती म्हणाली. "कुणाला इचारलं न्हाई. स्टँडवर गेले. पाचवी गाडी लागली व्हती. शेंगदाणेवाला म्हणला, एक गुरुजी व्हते, चार वेळा माझ्याकडून शेंगदाणे घेतले, आत्ताच गेले."

"मग सांगितलं का नाहीस? एवढ्या भाऊबीजा आलीस!"

"तू इचारलं कामून न्हाई?"

गिरणीवाला पट्टा थांबवून आमच्याकडे बघत होता. बहिणीनं मूठ उघडली. भाकरीच्या तुकड्याचा चुरा झाला होता. तो चुराच तिनं माझ्यावरून ओवाळला आणि टाकला. तांब्यात उरलेलं पाणी माझ्या पायावर घातलं, सगळं, थेंब थेंब निथळेपर्यंत. या वेळी पायजम्यावर एक थेंब गेला नाही.

तेवढ्यात शूटिंगवाला धापा टाकत आला. कॅमेरा खांद्यावर, जाकिटाचा एक खिसा उघडा. "ताई, लय भारी व्हतं हे! रोल करायच्या आत झालं बघा. मामा, बस एकदा—"

बहिणीनं रिकामा तांब्या त्याच्यापुढं उलटा करून दाखवला. "पाणी सरलं," म्हणाली आणि माझं मनगट धरलं.

घट्ट धरलं होतं. आमच्या नियमाप्रमाणे मी दोनदा हात झटकायला पाहिजे होता. मी एकदाही झटकला नाही.